फटफटीवरचे गाणे

मोटारसायकल महाराष्ट्रात आली तेव्हा लोकांनी तिचे नाव तिच्या चाकांवरून ठेवले नाही, वेगावरूनही ठेवले नाही. ते ठेवले तिच्या आवाजावरून. फटफटी! हे बारसे ज्या कोणी केले असेल त्याचा कान शाबूत होता यात शंका नाही. बैलगाडी हाकणारा गाडीवान घुंगुरमाळांच्या तालावर मोकळ्या गळ्याने गाऊ शके, कारण त्याच्या वाहनाचा आवाज त्याच्या गळ्याला साथ देई, त्यावर कुरघोडी करीत नसे. फटफटीस्वाराचे भाग्य तसे नाही. मांडीखाली इंजिनाचा धडधडाट, कानाशी वाऱ्याचा घोंगावता झोत आणि डोक्यावर हेल्मेट, अशा स्थितीत त्याला स्वतःची हाकसुद्धा धड ऐकू येत नाही. असे असूनही अमेरिकेच्या लांबच लांब हमरस्त्यांवर गेली पन्नास वर्षे असंख्य स्वार फटफटीवर बसून गाणे ऐकत आले आहेत. आणि कारखान्याने दिलेल्या ध्वनियंत्रणेवर समाधान न मानता तिच्यातील स्पीकर व ॲम्प्लिफायर काढून त्यांच्या जागी अधिक दमदार बसवीत आले आहेत. ही हौस वरकरणी पोरकट वाटेल. परंतु तिच्या इतिहासात वीज, चुंबक, कागद, वारा आणि माणसाचा कान अशा पाच पक्षांचा तंटा आहे. आणि त्या तंट्यात सर्वांत अधिक नुकसान ज्याचे होत होते त्या कानाची दाद सर्वांत शेवटी घेतली गेली.

विजेच्या साह्याने आवाज मोठा करण्याचे यंत्र व्यवहारात आणले ते कॅलिफोर्नियातील नापा नावाच्या लहानशा गावी. पीटर जेन्सन हे डेन्मार्कहून आलेले गृहस्थ आणि एडविन प्रिडहॅम हे त्यांचे अमेरिकन सहकारी टेलिफोनचे यंत्र सुधारण्याच्या खटपटीत होते. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे टांगावे, त्यातून विजेचा प्रवाह सोडावा, म्हणजे वेटोळे थरथरते आणि त्याला जोडलेला पडदा हवा हालवितो, अशी ती युक्ती. वास्तविक ही कल्पना त्यांच्याही आधीची. इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. परंतु त्या वेळी त्या वेटोळ्याला पुरेशी वीज पुरविणारा ॲम्प्लिफायरच अस्तित्वात नव्हता, आणि भुकेल्या बैलाला उत्तम नांगर जुंपून काय उपयोग? जेन्सन-प्रिडहॅम यांनी त्या यंत्राला ग्रामोफोनचा कर्णा जोडला आणि टेलिफोनचा नाद सोडून दिला. १९१५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे जमलेल्या प्रचंड समुदायाने तो कर्णा ऐकला. त्यांच्या कंपनीचे नाव मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिन भाषेत ‘थोर आवाज’. पुढे १९ सप्टेंबर १९१९ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगो येथे सुमारे ५० हजार लोकांपुढे ह्याच कर्ण्यांतून भाषण केले. विल्सन यांची प्रकृती तेव्हा इतकी खालावली होती की पंधरवड्याच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्या दिवशी त्यांचा आवाज लोकांपर्यंत पोचला तो त्यांच्या छातीच्या बळावर खास नव्हे.

कर्ण्याचा गुण असा की थोड्या विजेत तो पुष्कळ आवाज देतो. त्याचा दोष असा की तो नाकात बोलतो. कर्ण्यातून येणारे गाणे ऐकणे म्हणजे डब्यात बसलेल्या गवयाचे गाणे ऐकण्यासारखे होते. हा दोष काढला जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी. १९२५ मध्ये त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला आणि कर्णा अजिबात काढून टाकून, कागदाच्या शंकूला वेटोळे जोडून तो शंकू एका फळीच्या भोकात बसविला. आवाज स्वच्छ, भरदार आणि माणसासारखा येऊ लागला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले ते ह्याच संक्रमणाच्या काळात. त्या वेळच्या घरांतून कर्णाही ऐकू येई आणि नव्या धर्तीचा शंकूही. आज घराघरांत जे स्पीकर आहेत ते बहुतेक सर्व राइस-केलॉग यांचेच वंशज होत. परंतु ह्या सुधारणेची किंमत मोजावी लागली. शंकूचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी शेकडा एखादा भागच आवाजात उतरवितो; उरलेली सारी वीज वेटोळे तापविण्यात खर्ची पडते. कर्ण्याचे हे प्रमाण कित्येक पटींनी अधिक असते. घरात वीज मुबलक, म्हणून तेथे ही उधळपट्टी कोणाला जाणवली नाही. चाकांवरच्या संसारात मात्र ती जाणवणार होती.

चाकांवर गाणे आले ते आधी मोटारीत. शिकागोचे पॉल गॅल्व्हिन यांनी विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या दोघांच्या साह्याने १९३० मध्ये मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ सिद्ध केला आणि ‘मोटर’ व ‘व्हिक्ट्रोला’ ह्या दोन शब्दांची मोट बांधून त्याला मोटोरोला असे नाव दिले. त्या काळच्या निर्वात नळ्यांना शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब लागे आणि मोटारीची बॅटरी होती ६ व्होल्टांची. प्रथम वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांची पेटी आसनाखाली ठेवीत. पुढे थोड्याच वर्षांत व्हायब्रेटर नावाचे एक गुणगुणणारे उपकरण आले, ते बॅटरीचा प्रवाह भराभर जोडून-तोडून त्याचा दाब चढवून देई. स्पीकरचे चुंबकसुद्धा तेव्हा विजेवर चालत, कारण कायमचे दमदार चुंबक स्वस्त नव्हते. एवढा पसारा मोटारसायकलीवर कोठे मांडणार? पोलिसांच्या काही गाड्यांवर हुकूम ऐकण्यापुरती यंत्रे बसली. गाण्याचा प्रश्नच नव्हता.

हा प्रश्न सोडविला अनेक लहान लहान गोष्टींनी, आणि त्यांतल्या बहुतेकांचा मोटारसायकलीशी काही संबंध नव्हता. तोक्योचे तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणातून बलवान कायमचुंबक तयार केले. विजेवर चालणारी चुंबके त्यानंतर हळूहळू हद्दपार झाली. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९५५ मध्ये क्रायस्लर कंपनीने संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ विक्रीस आणला. नळ्या गेल्या, व्हायब्रेटर गेला. १९६५ मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनीने इलेक्ट्रा ग्लाइड ही गाडी काढली तीत बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय होती. त्या सोयीसाठीच गाडीची वीज ६ वरून १२ व्होल्टांवर नेली होती. गाण्याला पुढे ते आयते उपयोगी पडले.

परंतु वारा होता तेथेच होता. त्याला प्रथम अडविले फेअरिंगने. फेअरिंग म्हणजे हँडलच्या पुढे बसविलेले काचेसह कवच. १९६९ मध्ये हार्लेने वटवाघळाच्या पंखांसारख्या आकाराचे कवच आणले, तर इलिनॉय राज्यात क्रेग व्हेटर यांनी १९७१ पासून विंडजॅमर नावाचे, निरनिराळ्या गाड्यांवर चढविता येईल असे कवच विकण्यास सुरुवात केली. ही कवचे मुळात थंडी-पावसासाठी होती. स्वारांना मात्र त्यांच्या आतल्या पोकळीत एक नवी शक्यता दिसली: मोटारीतला रेडिओ येथे बसेल, शेजारी दोन स्पीकर बसतील. होंडा कंपनीची गोल्ड विंग १९७५ मध्ये विक्रीस आली तेव्हा ती अगदी उघडीवाघडी होती, पुढे कवच नाही, मागे पेट्या नाहीत. लोकांनी स्वखर्चाने तिला दोन्ही चढविले. हे पाहून होंडाने १९८० मध्ये इंटरस्टेट ही कवच-पेट्यांसह तयार गाडी काढली आणि १९८२ मध्ये ॲस्पेनकेड. ह्या दुसरीचे नाव न्यू मेक्सिकोतील स्वारांच्या एका मेळाव्यावरून घेतलेले होते, यावरून कारखाना कोणाच्या मागे चालत होता ते उघड होते. रेडिओ व कॅसेट ही ह्या जातीच्या गाड्यांची ओळखच होऊन बसली.

आता खऱ्या अडचणीला प्रारंभ झाला, कारण एकदा गाणे ऐकू येऊ लागल्यावर ते नीट ऐकू येत नाही हे ध्यानात आले. ताशी ४० किलोमीटरवर जे गाणे गोड वाटे ते ताशी १०० वर नाहीसे होई. प्रथम ढोलक जाई, मग तंबोरा, आणि शेवटी गायिकेच्या आवाजाची वरची कड तेवढी वाऱ्यातून चमकून जाई. याचे कारण हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा गोंगाट बव्हंशी खर्जातला असतो आणि तो संगीतातला खर्ज आधी गिळतो. त्यातच फेअरिंग ही स्पीकरची पेटी म्हणून अगदी कुचकामाची. स्पीकरचा शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ती ओढतो. दोन्ही लाटा एकत्र आल्या तर खर्जात एकमेकींना मारून टाकतात, म्हणून स्पीकरला मागून बंद पेटी लागते, तीही हिशोबाची. हा हिशोब ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी शास्त्रशुद्ध मांडून दिला. फेअरिंगमध्ये मात्र दिव्यांच्या तारा, ब्रेकच्या नळ्या आणि हँडल फिरण्यापुरत्या मोकळ्या फटी. तेथे हिशोब कसला? कीर्तनकाराला मंडपाऐवजी चौफेर उघड्या माळावर उभे करावे, तसे त्या स्पीकरचे झाले. शिवाय पाऊस. राइस-केलॉग यांचा कागद पावसात लगदा होतो. ह्या कामी १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडातील बीबीसीच्या संशोधकांनी स्टुडिओतील स्पीकरांसाठी शोधलेला पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आला, आणि ओल्या हवेच्या मोटारसायकलीला तो आयताच लाभला.

स्वारांचा पहिला उपाय सरळ होता: अधिक वॉटांचा स्पीकर आणून बसविणे. त्यात निराशा पदरी आली, आणि ती येणारच होती. स्पीकरवर छापलेले वॉट म्हणजे तो किती वीज सहन करील याचा आकडा होय. तो किती आवाज देईल याचा नव्हे. पोटाला किती भाकरी मावतात हे सांगितल्याने माणूस किती काम करील हे कळत नाही. विचारावयाचा आकडा निराळाच: १ वॉट वीज दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो? एका स्पीकरचा हा आकडा ८७ आणि दुसऱ्याचा ९३ असेल, तर हा ६ डेसिबलांचा फरक म्हणजे चौपट विजेचा फरक. ८७ चा काढून ९३ चा बसविला की २० वॉटांचा जुना ॲम्प्लिफायर ८० वॉटांचे काम करू लागतो. पैसे ॲम्प्लिफायरवर घालण्यापूर्वी हा एवढा त्रैराशिकाचा हिशोब ज्यांनी केला त्यांची बरीच ठेच चुकली.

ॲम्प्लिफायरचीही एक मर्यादा होती, ती तारेच्या पलीकडून आलेली. इंजिन चालू असता गाडीचा दाब सुमारे १४ व्होल्ट असतो. ४ ओहमांच्या स्पीकरला एवढ्या दाबातून, ॲम्प्लिफायरच्या दोन शाखा एकमेकींच्या उलट जोडल्या तरी, शुद्ध आवाजाचे सुमारे २० वॉटच मिळू शकतात. खोक्यावर ५० छापलेले असोत की अधिक. त्यापुढे गळ्याला ताण दिला की लाटेचे शेंडे छाटले जातात, गाणे कर्कश होते, आणि त्या छाटलेल्या लाटेने नाजूक वरच्या पट्टीचे स्पीकर जळतात. ह्यातून वाटा दोन. एक, २ ओहमांचे स्पीकर वापरावेत, म्हणजे त्याच दाबातून दुप्पट प्रवाह वाहतो. दुसरी, ॲम्प्लिफायरच्या पोटातच दाब चढविणारे मंडल बसवावे. म्हणजे १९३० नंतरचा तो गुणगुणणारा व्हायब्रेटर नव्या वेषात परत आणावा. मोटारींसाठी अशा स्वतंत्र, बलवान ॲम्प्लिफायरांचा धंदा १९७३ पासून ॲरिझोनातील जिम फॉसगेट यांच्यासारख्यांनी वाढविला. मोटारीला तो मानवला. मोटारसायकलीच्या लहान जनित्राला तो झेपेना. कारण त्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत घालवी. सायंकाळी मुक्कामावर इंजिन बंद करून दोन तास गाणी ऐकावीत आणि सकाळी उठून पाहावे तो बॅटरी गतप्राण, निर्जन रस्ता, आणि ढकलावयास साडेतीनशे किलोंहून अधिक वजनाची गाडी! ही शिक्षा पुष्कळांनी भोगली.

येथे एका अपयशाची हकीकत सांगितली पाहिजे. १९६४ मध्ये इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी एक्स-१० नावाचा जोडणीसंच विकला. त्याचे तत्त्व असे की, ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून त्यात वीज जाळण्यापेक्षा तो पूर्ण उघडावा वा पूर्ण मिटावा, आणि हे सेकंदाला हजारो वेळा करून त्या उघडझापीच्या प्रमाणातूनच आवाजाचा आकार घडवावा. पाणी कमी हवे म्हणून तोटी अर्धी पिरगाळून न ठेवता ती भराभर उघडावी-मिटावी, तसे हे. तत्त्व बिनचूक होते; पण त्या काळचे ट्रान्झिस्टर इतके चपळ नव्हते, यंत्र शेजारच्या रेडिओत खरखर करी, आणि संच बदनाम झाला. पुढे मॉसफेट नावाचे चपळ ट्रान्झिस्टर आले आणि त्याच तत्त्वावरचे ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर शेकडा नव्वदच्या घरात वीज कामी लावू लागले. पावाएवढ्या डबीतून २०० वॉट निघू लागले आणि ती डबी फेअरिंगच्या आत दडविता आली. ह्याच सुमारास चुंबकाचेही ओझे उतरले. १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे नियोडिमियमचे चुंबक शोधले. त्यामुळे हँडलसोबत फिरणाऱ्या कवचात जड स्पीकर टांगण्याची आपत्ती टळली.

मग कारखानेही जागे झाले. २०१४ सालच्या गाड्यांवर हार्लेने नवी ध्वनियंत्रणा आणली. २०२१ पासून तिच्या वरच्या दर्जाच्या स्पीकरांवर फॉसगेट यांचेच नाव दिसू लागले. २०२४ च्या स्ट्रीट ग्लाइड व रोड ग्लाइड ह्या गाड्या २०० वॉटांचा ॲम्प्लिफायर घेऊनच कारखान्याबाहेर पडल्या. तरी स्वारांचे बदलणे थांबले नाही. आणि त्यांनी अखेर जे बसविले ते पाहून नापाच्या त्या दोघांना हसू आले असते. नाटकगृहांत व मिरवणुकांत वापरतात तसे, थोड्या विजेत पुष्कळ गर्जणारे स्पीकर, आणि त्यांच्या मध्यभागी वरच्या पट्टीसाठी एक लहानसा चकचकीत कर्णा! १९२५ मध्ये घरातून हाकलून दिलेला तोच. घरात त्याचा नाकातला सूर सहन होत नव्हता. वाऱ्यात तो सूर कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि शब्द मात्र स्पष्ट कळतो.

राहता राहिला कान. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा गोंगाट १०० डेसिबलांच्या आसपास असतो. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेचा दंडक असा की ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला ८ तास राहावे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलांमागे वेळ निम्मी करावी. हिशोब करीत गेले तर १०० डेसिबलांना पाव तास येतो. लांबच्या प्रवासाला निघालेला स्वार पाव तासात थांबत नाही. म्हणजे गाणे सुरू होण्याच्या आधीच त्याच्या कानाची शिदोरी सरलेली असते. आणि त्या वाऱ्यावर मात करावयास निघालेले गाणे त्याहून मोठे असावे लागते. आवाज दुप्पट मोठा भासावयाचा तर वीज सुमारे दहापट लागते, हे स्वाराला बॅटरी सांगत होती; कानाचे मात्र झिजणे निःशब्द असल्यामुळे तो काहीच सांगत नव्हता.

जुन्या मुरलेल्या स्वारांनी यावर जो तोडगा काढला तो ऐकणाऱ्याला प्रथम वेडेपणाचा वाटतो. ते कानांत बोळे घालतात आणि मग गाणे लावतात. बोळ्याने वारा आणि गाणे दोन्ही सारखीच दबतात, त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. परंतु दोन्ही मिळून कानाला सोसेल अशा पातळीवर उतरतात, आणि गोंगाटात बधिर झालेला कान तेथे पुन्हा शब्द वेचू लागतो. दुसरे कित्येक स्वार पुढच्या काचेची उंची दोन-चार बोटे कमीजास्त करून पाहतात. काचेच्या कडेवरून सुटलेला भोवरा हेल्मेटवर आदळत असेल तर तो चुकविल्याने जे साधते ते नव्या ॲम्प्लिफायरने साधत नाही, आणि त्याला दमडी पडत नाही. तिसऱ्यांनी हेल्मेटच्या आतच कानाशी लहान स्पीकर बसविले. अंतर दीड हातावरून अर्ध्या बोटावर आल्यावर २०० वॉटांची गरजच उरत नाही.

कवचातील मोठ्या स्पीकरांची अखेरची फजिती होते ती गावात शिरल्यावर. ताशी १०० च्या वाऱ्यासाठी लावलेला आवाज तांबड्या दिव्यापाशी गाडी थांबताच एकाएकी उघडा पडतो. वारा गेलेला असतो, गाणे तेवढेच गर्जत असते, आणि पदपथावरची माणसे वळून पाहू लागतात. म्हणून वेगाबरोबर आवाज आपोआप चढविणारी व उतरविणारी सोय अशा गाड्यांवर आली आहे. ती नसेल तेथे स्वाराचा डावा अंगठा दिवा तांबडा होण्यापूर्वीच बटणाकडे जातो.